दवाखान्याचं बिल, टीपीए आणि कपात: इंदूरकरांनी नेमकं कुठे काय बघायचं

हिशेबनीस

दर महिन्याला इथे "अमक्या दवाखान्यात लुटलं" असा एक धागा निघतो, शंभर प्रतिसाद पडतात आणि वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. या धाग्यात दवाखान्यांची नावं नकोत, आपबीती नको. बिल कसं बनतं, कपात कुठे होते आणि कोणता कागद कोणाकडे मागायचा, तेवढंच लिहा.

माझं म्हणणं आधीच सांगतो. बिलाचा मोठा भाग भरतीच्या पहिल्या तासातच ठरतो, खोली निवडून अंदाजपत्रकावर सही केली की. डिस्चार्जच्या काउंटरवर नुसती बेरीज होते. तिथे आवाज चढवून दोन-चार हजार सुटतात, पन्नास हजार सुटत नाहीत.

सुरुवात खोलीपासून. समजा पॉलिसी 5 लाखांची आणि खोलीभाड्याची मर्यादा 1 टक्का, म्हणजे दिवसाला 5,000. घरच्यांनी 8,000 ची खोली घेतली, चार दिवस. लोकांना वाटतं वरचे 3,000 गुणिले 4, म्हणजे 12,000 आपल्या खिशातून जातील. तसं होत नाही. 5,000 भागिले 8,000 म्हणजे 62.5 टक्के, आणि खोलीच्या दर्जानुसार ज्यांचे दर चढतात ते सगळे खर्च याच प्रमाणात कापले जातात.

खोली 32,000. सर्जन 60,000, भूलतज्ज्ञ 18,000, ओटी (ऑपरेशन थिएटर) 25,000, डॉक्टरांच्या व्हिजिट 12,000, हे मिळून 1,15,000. औषधं 34,000 आणि तपासण्या 21,000, म्हणजे 55,000. एकूण बिल 2,02,000.

कंपनी देणार: खोलीचे 20,000, त्या 1,15,000 पैकी 71,875 आणि औषधं-तपासण्यांचे पूर्ण 55,000. बेरीज 1,46,875. खिशातून 55,125. बारा हजारांचा अंदाज होता, गेले पंचावन्न.

विमा नियामकाने 2020 साली नियम स्पष्ट केला की औषधं, कन्झ्युमेबल्स (एकदा वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट आणि तपासण्या यांवर ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. आयसीयूच्या खर्चावरही नाही. ज्या दवाखान्यात खोलीनुसार दर बदलतच नाहीत, तिथे तर ती मुळीच लावता येत नाही. तरीही सबंध बिलाला 62.5 टक्क्यांनी गुणून 1,26,250 मंजूर झालेली पत्रं दिसतात. वरच्या उदाहरणात एवढ्याने 20,625 रुपये जादा कापले जातात, आणि बहुतेक लोक "कंपनीने कापले" म्हणून गप्प बसतात. मंजुरीपत्रात कपातीची ओळ असते. कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

सुदामानगर_आजोबा

उत्तम मांडलंत. एक पुरवणी. नर्सिंगचे पैसे वेगळे लावले असतील तर आपल्या पॉलिसीत "रूम रेंट"ची व्याख्या काढून बघा. कित्येक पॉलिसींत नर्सिंग त्याच मर्यादेत मोजतात. म्हणजे 4,500 ची खोली घेऊन निश्चिंत झालात, वर 900 नर्सिंग लागलं, की मर्यादा ओलांडली आणि प्रमाणशीर कपात सुरू.

शिवाय जीएसटी. आयसीयू सोडून ज्या खोलीचं भाडं दिवसाला 5,000 च्या वर आहे, तिच्यावर जुलै 2022 पासून 5 टक्के लागतात, आणि ते वरच्या रकमेवर नसतात, पूर्ण भाड्यावर असतात. 8,000 च्या खोलीला रोज 400. औषधांच्या एमआरपीत कर धरलेलाच असतो, त्यामुळे फार्मसीच्या बिलावर एमआरपीच्या वर जीएसटी लावला असेल तर ते चूक आहे.

पोहे_जलेबी

भिया, हे सगळं मान्य, पण रात्री दोन वाजता छातीत दुखतंय म्हणून माणूस नेला तर खोलीची व्याख्या कोण वाचत बसणार?

हिशेबनीस

रात्री दोनला कोणीच नाही. म्हणून ते आज करायचं. पॉलिसीतल्या चार गोष्टी एका कागदावर लिहून कार्डासोबत ठेवा: खोलीभाड्याची मर्यादा, को-पे (दाव्यातला आपण भरायचा हिस्सा) किती, कोणत्या आजारांना वेगळी मर्यादा (मोतीबिंदू, हर्निया, गुडघा), आणि टीपीएचा, म्हणजे कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेचा, फोन. भरतीच्या खिडकीवर "इतक्या मर्यादेतली खोली द्या" एवढं एक वाक्य म्हणायचं. तशी खोली रिकामी नसेल तर "पात्र श्रेणी उपलब्ध नाही" असं लेखी घ्या आणि रिकामी होताच हलवायचा अर्ज त्याच वेळी द्या. कंपनी तो कागद मानेलच असं नाही, पण नंतर विमा लोकपालापुढे तोच उपयोगी पडतो.

बिलिंगवाली_ताई

बिल विभागातलं काम माहीत आहे म्हणून काउंटरच्या आतल्या बाजूने लिहिते.

डिस्चार्जला उशीर का होतो? सगळे टीपीएला शिव्या घालतात. नियामकाच्या मे 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसची (कंपनीने थेट दवाखान्याला पैसे देण्याची) पहिली मंजुरी 1 तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी 3 तासांत द्यायची असते. तीन तासांच्या वर गेलं आणि त्यामुळे दवाखान्याने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. पण हे घड्याळ डॉक्टर "आज घरी जा" म्हणाले तेव्हा सुरू होत नाही. दवाखान्याकडून अंतिम कागद कंपनीला पोचले की सुरू होतं. मधला वेळ असा जातो: डॉक्टरांचा राउंड दहाला. वॉर्डातून उरलेली औषधं परत जातात. फार्मसी रिटर्नची नोंद करते. लॅब, एक्स-रे, ओटी प्रत्येकाचा "बाकी नाही"चा शेरा येतो. डिस्चार्ज समरी ज्युनियर डॉक्टर टाइप करतात आणि मोठ्या डॉक्टरांची सही राहते, कारण ते ओपीडीत किंवा दुसऱ्या दवाखान्यात असतात. फाइल इन्शुरन्स डेस्कवर येते दोन-अडीचला. मग तिथून तीन तास.

उपाय एकच. आदल्या संध्याकाळी सिस्टर इन्चार्जला विचारायचं की उद्या डिस्चार्ज आहे का. असेल तर समरीचा मसुदा आणि औषधांचं रिटर्न रात्रीच करून घ्या. सकाळी डेस्कवर जाऊन फाइल कंपनीला किती वाजता पाठवली ती वेळ विचारा आणि मेलची प्रत मागा. वेळ लेखी मागणारा माणूस समोर उभा असला की फाइल हलते, एवढं खात्रीने सांगते.

दुसरं, समरी सही होण्याआधी वाचा. दावे नाकारले जातात ते बहुधा समरीतल्या दोन ओळींवर. "तपासणीसाठी दाखल" अशा अर्थाचं वाक्य असलं की कंपनी म्हणते, नुसत्या तपासण्यांसाठीची भरती पॉलिसीत बसत नाही. आणि जुन्या आजाराची ओळ. पेशंट "दोनेक वर्षं बीपीची गोळी चालू आहे" म्हणाला आणि कागदावर "दहा वर्षांपासून उच्च रक्तदाब" उमटलं, की पॉलिसी घेताना आजार लपवला असा अर्थ निघतो. नंतर दुरुस्ती करायला उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं सहीशिक्क्याचं पत्र लागतं, आणि कंपनी त्याकडे संशयानेच बघते.

हिशेबनीस

ताई, हे फार मोलाचं. यात एक जोड: सलग 60 महिने पॉलिसी चालू असेल तर सिद्ध झालेली फसवणूक सोडून "माहिती लपवली" या कारणावर दावा नाकारता येत नाही. आधी ही मुदत 8 वर्षं होती. जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळही (ज्यात त्यांचा दावा मिळत नाही) 2024 पासून जास्तीत जास्त 36 महिने. पॉलिसीत खंड पडू न देता नूतनीकरण करणं का महत्त्वाचं, ते यावरून कळावं.

तुळशीबाग_ते_राजवाडा

विम्यात ज्यांचे पैसे मिळत नाहीत त्या वस्तूंबद्दल कोणी लिहा. मंजुरीपत्रात "नॉन-मेडिकल 9,460" एवढंच असतं, तपशील काहीच नाही.

बिलिंगवाली_ताई

तपशील मागायचा, तो द्यावाच लागतो. नियामकाच्या चार याद्या आहेत आणि लोक चारही एकत्र करतात.

पहिलीत 68 वस्तू: हातमोजे, मास्क, डायपर, नेब्युलायझर किट, क्रेप बँडेज, ईसीजी इलेक्ट्रोड, पाण्याच्या बाटल्या, नातेवाइकांचं जेवण, आणि तपशील न दिलेलं कुठलंही "किट". वेगळं कन्झ्युमेबल कव्हर घेतलं नसेल तर हे पैसे पेशंटने भरायचे. इथवर वाद नाही.

खरी गोम पुढच्या तीन याद्यांत. दुसरीतल्या वस्तू खोलीभाड्यात धरलेल्या आहेत: फाइल उघडण्याचे पैसे, डॉक्युमेंटेशन, हाउसकीपिंग, एसी, चादर, ब्लँकेट, पेशंटचा मनगटी पट्टा, पल्स ऑक्सिमीटर, इंजेक्शन टोचण्याचे पैसे. तिसरीतल्या शस्त्रक्रियेच्या दरात: गॉज, कापूस, सर्जिकल टेप, ब्लेड, एक्स-रे फिल्म, रेझर. चौथीतल्या उपचाराच्या खर्चात: नोंदणी शुल्क, इन्फ्युजन पंप, अल्कोहोल स्वॅब, ग्लुकोमीटर पट्ट्या, युरिन बॅग, डाएटिशियन. कंपनी या वस्तूंचे वेगळे पैसे देत नाही, कारण त्या मूळ दरातच आहेत. दवाखाना मात्र त्या वेगळ्या लावतो, कंपनी कापते आणि ती रक्कम गुपचूप पेशंटच्या माथी येते. अंतिम बिलात "डॉक्युमेंटेशन चार्ज" किंवा "पंप चार्ज, रोज" दिसला की इन्शुरन्स डेस्कला सांगायचं, हे दुसऱ्या किंवा चौथ्या यादीतलं आहे, खोली किंवा उपचाराच्या दरात समाविष्ट करा. हळू आवाजात, यादीचा नंबर घेऊन बोललात तर बऱ्याचदा निघतं.

मंजुरीपत्रात कपातीचे दोन प्रकार असतात, तेही बघा. एक पेशंटने भरायची. दुसरी दवाखान्याने कंपनीला करारात दिलेली सूट किंवा ठरलेल्या दराच्या वरची रक्कम. ही दुसरी पेशंटकडून घ्यायची नसते, आणि तसं पत्रात बहुधा लिहिलेलं असतं. डेस्कवर मात्र "कपात एवढी, भरा" म्हणून दोन्हींची बेरीज सांगितली जाते. पत्राची प्रत हातात घेतल्याशिवाय एक रुपया भरू नका.

अहिल्यानगरीचा_पाहुणा

पुण्याच्या बहिणीने व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं की दवाखान्याने दरपत्रक भिंतीवर लावलंच पाहिजे आणि बिलासाठी पेशंटला अडवता येत नाही. मग इथे तक्रार कुठे करायची?

सुदामानगर_आजोबा

पुण्याचे नियम पुण्याला. ते महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणीच्या 2021 च्या नियमांबद्दलचं असणार, ते मध्य प्रदेशात लागू नाहीत. केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदाही आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही. इथे चालतो 1973 चा उपचर्यागृह आणि रुजोपचार आस्थापनांचा राज्याचा कायदा, आणि परवाना असतो सीएमएचओच्या (जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकाऱ्याच्या) हाती. म्हणून दवाखान्याबद्दलची लेखी तक्रार सीएमएचओ कार्यालयात, पोच घेऊन. सोबत सीएम हेल्पलाइन 181 वरही नोंदवा.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेली रुग्ण हक्कांची सनद केंद्राने राज्यांकडे पाठवलेली आहे. तपशीलवार बिल मिळणं, भरती असताना 24 तासांत आणि डिस्चार्जनंतर 72 तासांत कागदपत्रांच्या प्रती मिळणं, पैशांच्या वादावरून पेशंट किंवा मृतदेह न अडवणं, हे सगळं तिच्यात आहे. ती कायदा नव्हे, पण तक्रारीत उल्लेख जरूर करा. 72 तासांची अट तर डॉक्टरांच्या आचारसंहितेतही 2002 पासून आहे, ती बंधनकारक.

दवाबाजार_जवळचा

औषधांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण मोठ्या भरतीत गळती इथेच असते.

एमआरपीच्या वर कोणी लावत नाही. लावायची गरजच नाही. दवाखान्याला माल एमआरपीच्या फार खाली मिळतो. 2018 मध्ये एनपीपीएने (औषधांच्या किमती ठरवणाऱ्या केंद्राच्या प्राधिकरणाने) दिल्ली परिसरातल्या चार खासगी दवाखान्यांची बिलं तपासली, त्यात काही वस्तूंवरचा नफा 1,737 टक्क्यांपर्यंत निघाला, तोही एमआरपीच्या आत. जिथे सरकारने किंमत बांधली, तिथेच फरक पडला. औषधवेष्टित स्टेंट फेब्रुवारी 2017 मध्ये 29,600 ला बांधला. ती किंमत घाऊक निर्देशांकानुसार बदलत जाते, तरी 40,000 च्या आतच आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याचे इम्प्लांट. पण अँजिओप्लास्टीतले बलून, गाइड वायर, कॅथेटर यांना अशी कमाल किंमत नाही. फक्त एमआरपी वर्षात 10 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. म्हणून "स्टेंट तर सरकारी भावाने दिला" यावर खूश होऊ नका, खालच्या ओळी वाचा. बिलात स्टेंट वेगळा, ब्रँड आणि बॅच नंबरसह दाखवायला लागतो, आणि डब्यावरचा स्टिकर फाइलला चिकटवलेला हवा. स्टिकर नसेल तर दावाही अडकतो.

रक्ताचंही असंच. रक्त विकता येत नाही, फक्त प्रक्रियाशुल्क घेता येतं. घटकानुसार ते 250 पासून 1,550 पर्यंत आहे, नॅटसारख्या (रक्तातले विषाणू शोधणाऱ्या) जादा तपासण्या वेगळ्या.

पोहे_जलेबी

मग दवा बाजारातून आणून दिलं तर? तिथे पर्च्यावर (डॉक्टरांच्या चिठ्ठीवर) सरळ सूट देतात.

दवाबाजार_जवळचा

देतात, आणि "आमच्याच फार्मसीतून घ्या" अशी सक्ती असू नये हेही सनदेत आहे. पण हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा मार्च 2025 मध्ये न्यायालयाने धोरण ठरवायचं काम राज्यांवर सोडलं. म्हणजे काउंटरवर दाखवायला हातात ठोस हुकूम नाही, समजुतीनेच घ्यावं लागतं.

त्यातही सगळं बाहेरून आणायचा हट्ट नको. अल्ब्युमिन, इन्सुलिन अशी थंड राखायची औषधं दवाखाना नाकारतो, ते रास्त आहे. पिशवीतून उन्हात आलेल्या बाटलीची जबाबदारी कोण घेणार? बाहेरून आणायची ती महागडी अँटिबायोटिक इंजेक्शनं, जी पाच-सात दिवस चालणार आहेत. पर्च्यावर ब्रँडऐवजी औषधाचं नाव आणि मात्रा लिहून मागा, बिलावर बॅच, मुदत आणि दुकानाचा परवाना नंबर बघून घ्या. कॅशलेस असेल तर लक्षात ठेवा, बाहेरची औषधं दवाखान्याच्या बिलात येत नाहीत. ती नंतर पर्चा आणि मूळ बिलासह वेगळी मागावी लागतात. आणि कॅशलेस मंजूर होत असताना बाहेर पळापळ करून फायदा कंपनीलाच होतो, तुमची विमा रक्कम संपत आली असेल तेव्हाच ते करा.

तुळशीबाग_ते_राजवाडा

फार्मसीचं बिल चाळीस पानी असतं. तपासायचं कसं?

बिलिंगवाली_ताई

चाळीस पानं शेवटच्या दिवशी कोणीच तपासू शकत नाही, आम्हीसुद्धा नाही. रोज संध्याकाळी त्या दिवसाचं अंतरिम बिल मागायचं. तीन-चार पानं असतात. नर्सिंगच्या औषध तक्त्याशी ताडून बघायचं: तक्त्यात इंजेक्शन दिवसातून तीनदा आणि बिलात पाच, तर उरलेल्या दोन कुठे? सकाळी औषध बदललं की जुन्याचं रिटर्न झालं का? हे रिटर्नच सगळ्यात जास्त राहून जातं, मुद्दाम म्हणून नाही, वॉर्डातल्या मुलाने डबा कपाटात ठेवला म्हणून.

आणखी: आयसीयूतून वॉर्डात हलवलं त्या दिवशी दोन्हीचं भाडं लागलं का. दिवस 24 तासांचा धरतात की दुपारी बाराला बदलतो. ऑक्सिजन तासावर आहे की दिवसावर, आणि बंद केल्याची वेळ नोंदली आहे का. ज्या डॉक्टरांची व्हिजिट लावली त्यांची त्या तारखेची नोंद फाइलमध्ये आहे का. भूलतज्ज्ञ आणि ओटी सर्जनच्या फीच्या टक्क्यांत धरले असतील तर सर्जनची फी बदलली की तेही बदलायला हवेत.

पॅकेज असेल तर काय धरलंय यापेक्षा काय धरलेलं नाही ते लिहून घ्या. किती दिवस, इम्प्लांट आत की बाहेर, रक्त, दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला, आयसीयू लागला तर पॅकेज मोडून खुलं बिल होतं का. हे शेवटचं जरूर विचारा.

नर्मदे_हर

ज्येष्ठांसाठी एक. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, कुटुंबामागे वर्षाला 5 लाख. खासगी विमा असला तरी चालतं. सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असेल तर दोन्हींतलं एक निवडावं लागतं. वय आधारवरचं धरतात, म्हणून जन्मतारीख चुकली असेल तर आधी ती दुरुस्त करा.

फसगत होते ती अशी: दवाखाना यादीत असतो, पण आपल्या आजाराच्या विभागासाठी नसतो. हृदयासाठी आहे का, हाडांसाठी आहे का, हे 14555 वर किंवा दवाखान्यातल्या आयुष्मान मित्राकडे भरतीआधी विचारा. रोख भरती झाली की मागाहून योजनेत घेणं जवळजवळ होत नाही.

अहिल्यानगरीचा_पाहुणा

आणि दावा नाकारलाच तर?

हिशेबनीस

आधी नाकारल्याचं कारण पॉलिसीच्या कलमासह लेखी मागा. कंपनीला दावा तिच्या आढावा समितीच्या मंजुरीशिवाय नाकारता येत नाही, तेव्हा समितीने बघितलं का हेही त्याच पत्रात विचारा. तक्रार टीपीएकडे नको, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, सोबत नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंद. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मध्य प्रदेशचं कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाच्या आत जायचं. निवाडा कंपनीने 30 दिवसांत पाळला नाही तर दिवसाला 5,000 रुपये दंड कंपनीने तुम्हाला द्यायचा असतो.

अर्जाला लांबलचक कहाणी जोडू नका. एक पान पुरतं: तारखा, बिल, मंजूर रक्कम, कपातीची प्रत्येक ओळ आणि तिच्यापुढे नियम. वरचं 20,625 चं उदाहरण असेल तर गणितच लिहा.

दवाखान्याविरुद्धचा वाद लोकपालाकडे चालत नाही, तो जिल्हा ग्राहक आयोगाकडे. मुदत 2 वर्षं, आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

सुदामानगर_आजोबा

आणि एकाच बाबीसाठी दोन्हीकडे एकदम जाऊ नका. त्याच दाव्यावर ग्राहक आयोगात प्रकरण चालू असेल तर लोकपाल अर्ज घेत नाही. कंपनीशी भांडण असेल तर आधी भोपाळ. तिथला निवाडा तुम्हाला पटला नाही तरी आयोगाचा रस्ता उघडा राहतो.

पोहे_जलेबी

हिशेबनीस काका, ती चार ओळींची पॉलिसी चिठ्ठी कशी दिसते त्याचा नमुना टाका ना, घरोघरी फ्रिजवर लावू.

हिशेबनीस

हा घ्या, आकडे तुमच्या पॉलिसीतून भरा:

खोली: दिवसाला ____ पर्यंत, नर्सिंग धरून / सोडून. आयसीयू: ____ .
को-पे: ____ टक्के. कन्झ्युमेबल कव्हर: आहे / नाही.
वेगळी मर्यादा: मोतीबिंदू ____ , हर्निया ____ , गुडघा ____ .
पॉलिसी नंबर, टीपीएचा फोन, अचानक भरती झाल्यास किती तासांत कळवायचं: ____ .

शेवटची ओळ कोणी भरत नाही. अनेक पॉलिसींत ती 24 तास आहे.